गाडी पळतीया, रस्ता पळत नाय: रेसिंग गेममध्ये स्पीड वाटतच नसेल तर

आधी लक्षण सांगतो, म्हणजे ज्याचं दुखणं वेगळं आहे त्याचा वेळ जायला नको. तुम्ही घरच्या घरी रेसिंग गेम करताय, गाडी चालते, वळते, आदळते, सगळं ठीक आहे, स्पीडोमीटर २०० दाखवतोय आणि बघणाऱ्याला वाटतंय की आजोबा लूना घेऊन भाजी आणायला निघालेत. मग तुम्ही काय करता, तर टॉप स्पीड वाढवता. २०० चे २६० करता, दोन दिवस भारी वाटतं, तिसऱ्या दिवशी परत लूना. मग ३२०. आता गाडी वळणावर रस्त्यावर थांबत नाही म्हणून रस्ता रुंद करता, रस्ता रुंद केला की अजून हळू वाटतं, म्हणून परत स्पीड. ह्या चक्रात मी चार महिने होतो. हे चक्र ओळखीचं वाटत असेल तर पुढं वाचा, नाहीतर सोडा.

मी दिवसा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर असतो आणि रात्री युनिटी, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, उघडून बसतो. गेम साधा आहे, पन्हाळ्याला जाताना लागतो तसा घाट, एक गाडी, घड्याळ. टेस्टर म्हणजे माझा चुलतभाऊ, अकरावीत आहे, पगार म्हणून मिसळ. पहिल्यांदा ३२० वाला बिल्ड (गेमची तयार कॉपी) त्याच्या फोनवर टाकला तर पाच मिनिटं खेळून म्हणाला, "दादा, गाडी पळतीया, पण रस्ता कुठं पळतोय?" मला राग आला होता खरं तर. पण नंतर जे काही सापडलं ते सगळं ह्या एका वाक्यातच होतं.

सेटिंगला हात लावायच्या आधी एक टेस्ट करा. स्पीडोमीटर लपवा, आवाज बंद करा, दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि ज्यानं गेम कधी बघितलेला नाही अशा माणसाला विचारा की गाडी कितीनं चाललीये. मी आमच्या वर्कशॉपमधल्या पाच जणांना विचारलं, गेममध्ये गाडी २०० नं होती, उत्तरं आली ५० ते ७०. नंतर प्रत्येक बदलाला हीच टेस्ट केली. स्वतःच्या डोळ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्हाला आकडा माहीत असतो आणि रोज तेच बघून नजर मेलेली असते.

मग हिशोब. २०० किमी प्रतितास म्हणजे सेकंदाला ५५.६ मीटर. गेममध्ये खरंच सेकंदाला ५५.६ युनिट जातात का ते बघा आणि तुमचा एक युनिट एक मीटरच आहे का तेही बघा. फुकटात आणलेलं गाडीचं मॉडेल आठ मीटर लांब असायचं एखादवेळेस, मग त्याला शोभेल असा रस्ता आपोआप दुप्पट रुंद होतो, झाडं दुप्पट होतात आणि सगळं जग मोठं झालं की स्पीड निम्मा झाल्यासारखाच आहे. माझी गाडी सव्वासहा मीटर निघाली. चार मीटरवर आणली, त्या मापानं बाकीचं जग लहान केलं, आणि काही न करता वर्कशॉपमधली उत्तरं ८०-९० वर गेली.

आता मुख्य भानगड. स्पीड हा आकडा डोळ्याला दिसत नाही, डोळ्याला दिसतं ते आजूबाजूचं मागं सरकणं. जेम्स गिब्सन म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या नजरेवर काम केलं आणि १९५० मध्ये ते मांडलं, विमान उतरवताना जमिनीवरचं सगळं एका बिंदूतून फुटून चारी बाजूंना वाहत येतं, त्या वाहण्यावरून माणूस कुठं चाललोय आणि कसं चाललोय ते ओळखतो. ह्याला ऑप्टिक फ्लो म्हणतात. आणि ह्या वाहण्यात जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा लई जोरात जाते, बाजूनं जाणाऱ्या वस्तूसाठी तर साधा भागाकार आहे, वेग भागिले अंतर. विमान ९०० नं जात असतं पण जमीन दहा किलोमीटर खाली असते म्हणून खिडकीतून बघितलं तर शेतं जागची हलत नाहीत. आणि तेच मंगळवार पेठेतल्या बोळातून ३० नं बाइक काढा, दोन्ही बाजूंच्या पायऱ्या अंगावर येतात.

माझ्या गेममध्ये काय होतं, तर रस्ता २० मीटर रुंद, त्याच्या पलीकडं गवत, आणि झाडं रस्त्याच्या मधल्या रेषेपासून ३० मीटरवर. दिसायला छान, पोस्टरसारखं. तेच झाड ४ मीटरवर आणलं की नजरेसमोरून साडेसातपट जोरात जातं, गाडीचा स्पीड तोच ठेवून. आपल्याकडं रस्त्याची एक लेन साडेतीन मीटर धरतात, दोन लेनचा रस्ता म्हणजे ७ मीटर. मी ९ मीटरवर आलो, कारण गेममध्ये सात मीटरवर पोरं शिव्या घालतात, आणि कडेला लागून संरक्षक कठडा, दगडी खांब, झुडपं, मधेच उसाचा फड रस्त्याला चिकटून. उसानं जे काम केलं ते कशानंच केलं नाही, दोन्ही बाजूंनी ऊस असला की बोगद्यातून गेल्यासारखं होतं. आपल्या भागात हंगामात बिनपैशाचं स्पीड वाढवायचं यंत्र आहे ते, कुठल्याही कागल-मुरगूडच्या रस्त्यावर जाऊन बघा.

हे काही नवीन नाही. १९७६ मध्ये अटारीचा नाइट ड्रायव्हर आला तेव्हा मशीनमध्ये रस्ता काढायची ताकदच नव्हती, म्हणून रात्र दाखवली, काळा स्क्रीन आणि दोन्ही बाजूंनी येणारे पांढरे खांब, बस. गाडीसुद्धा गेममध्ये नव्हती, स्क्रीनवर चिकटवलेलं प्लॅस्टिकचं चित्र होतं. तरी लोकांना ते पळताना वाटायचं. म्हणजे फक्त जवळून जाणारे खांब पुरतात. तुमच्या गेममध्ये फोर के टेक्स्चर (वस्तूवर चढवलेलं बारीक चित्र) आहे, सावल्या आहेत आणि जवळून जाणारा एकही खांब नाही, मग कसं होणार. नामकोचा पोल पोझिशन १९८२ चा, त्यात रस्त्याच्या कडेला जाहिरातीचे बोर्ड होते, ते काय उगाच नव्हते. आणि आपण सगळे ज्या रोड रॅशवर सायबर कॅफेत पैसे घालवले त्यात आता बघितलं तर चित्र म्हणजे ठिपके आहेत नुसते, पण कडेचे खांब अंगावर यायचे.

रस्त्याच्या टेक्स्चरचं एक लक्षात ठेवा. डांबर नुसतं गुळगुळीत राखाडी असेल तर ते वाहताना दिसणारच नाही, वाहायला त्यावर काहीतरी असायला पाहिजे, पॅच मारलेले, टायरचे डाग, तडे, पांढऱ्या पट्ट्या, आणि ते आपल्या रस्त्यांवर कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. हे सगळं घालूनही पाच मीटरपुढं रस्ता परत राखाडी पुसल्यासारखा होत असेल तर अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग बंद आहे. तिरकं बघितल्यावर टेक्स्चर धूसर होऊ नये म्हणून ते असतं. रस्त्याच्या टेक्स्चरला ८ वर ठेवा, बाकीच्यांना नाही ठेवलं तरी चालतं. माझ्याकडं हे बंद होतं आणि मी एक आठवडा डांबराचा रंग बदलत बसलो होतो.

धुक्याचा पण एक किस्सा आहे. गगनबावड्यासारखा एक लेव्हल केला होता, धुकं टाकलं, तर एकदा स्पीड वाढल्यासारखा वाटला आणि एकदा कमी झाल्यासारखा, मला काही कळेना. मग शोधल्यावर सापडलं की ह्यावर खरंच काम झालेलं आहे. १९९८ मध्ये नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटा पेपर आला होता, सिम्युलेटरवर चित्राचा कॉन्ट्रास्ट सगळीकडं सारखा कमी केला तर लोकांना गाडी हळू चाललीये असं वाटतं आणि ते नकळत जोरात चालवतात. मग २०१२ मध्ये ईलाइफ ह्या दुसऱ्या नियतकालिकात दुसऱ्यांनी दाखवलं की खरं धुकं तसं नसतं, जवळचं स्वच्छ दिसतं आणि लांबचं जातं, आणि तसं धुकं दिलं तर लोक उलट हळू चालवतात. म्हणजे परत तेच. जवळचं वाहणं शिल्लक राहिलं तर जोर वाटतो. मी एकदा अंतरावर चालणारं धुकं टाकलं होतं आणि एकदा स्क्रीनवर नुसता पांढरा पडदा, तोच सगळा घोळ. पडदा काढून टाका.

कॅमेऱ्याची उंची. माझा कॅमेरा गाडीच्या मागं ३ मीटर उंचीवर होता, सगळं छान दिसावं म्हणून. हे मला कार्टिंग ट्रॅकवर कळलं, गेममध्ये नाही. मित्राच्या वाढदिवसाला गेलो होतो, कार्टमध्ये बसल्यावर डोळे जमिनीपासून पाऊण मीटरवर, आणि वाटत होतं शंभराच्या वर चाललोय, उतरल्यावर तिथला माणूस म्हणाला, "साठच्या आसपास असतंय भावा." घरी येऊन हिशोब केला. ६० नं सेकंदाला १६.७ मीटर जातात, पाऊण मीटर उंचीच्या मापानं म्हणजे सेकंदाला २२ उंच्या. ट्रकच्या ड्रायव्हरचे डोळे अडीच मीटरवर धरले तर ६० ला त्याच्या सेकंदाला पावणेसात उंच्या पण होत नाहीत. कार्टवाल्याला ६० ला जे वाटतं ते ट्रकवाल्याला वाटायला त्याला २०० नं जावं लागेल. जमिनीचं वाहणं डोळ्याच्या उंचीच्या मापात मोजलं जातं, म्हणून. कॅमेरा ३ वरून १.४ वर आणला आणि दुसरं काहीही न बदलता वर्कशॉपची उत्तरं १३० वर गेली. फार खाली मात्र नेऊ नका, पुढचं वळण दिसत नाही आणि खेळणारा वैतागतो.

इथपर्यंत केल्यावर बऱ्याच जणांचं काम होईल. पण मी लिहायला बसलो ते मुळात पुढच्या प्रॉब्लेमसाठी, कारण तो जात नव्हता, परत परत यायचा, आणि माझ्या लॅपटॉपवर वेगळा आणि फोनवर वेगळा दिसायचा.

भाऊ म्हणायचा, "दादा, एकशे दहाला गाडी थांबतीया." मी म्हणायचो येडा आहेस काय, स्पीडोमीटर बघ. तो म्हणायचा, "मीटर पळतोय की, गाडी थांबतीया." आणि लॅपटॉपवर ११० ला काही तसं नव्हतं, पण २०० ला आल्यावर कडेची लाल-पांढरी पट्टी, म्हणजे कर्ब, हळूहळू उलटी पुढं सरकतेय असं वाटायचं आणि सगळा जोर जायचा. मी ते ग्राफिक्स कार्डवर ढकललं होतं.

उत्तर वर्कशॉपमध्येच होतं. जुन्या लेथवर काम केलेल्या कुणालाही विचारा, जुनी चोकवाली ट्यूबलाइट आणि फिरणारा चक (जॉब पकडणारा भाग), एका ठराविक आरपीएमला चक थांबल्यासारखा दिसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, तीन जॉचा (जबड्यांचा) चक २००० आरपीएमला फिरत असेल तर दोन लुकलुकण्यांच्या मधे बरोबर एक तृतीयांश फेरा होतो आणि एका जॉच्या जागी दुसरा जॉ येतो, डोळ्याला वाटतं हललाच नाही. हात घालायला गेलात तर बोट जाग्यावर. म्हणून लेथवर वेगळा बल्ब लावायची पद्धत होती. आमचे फोरमन काका हे पहिल्याच दिवशी सांगतात, आणि मी चार वर्षं ते ऐकून सुद्धा गेममध्ये ओळखलं नाही.

माझी कर्ब अर्धा मीटर लाल, अर्धा मीटर पांढरी, म्हणजे नक्षी दर १ मीटरला तीच. मोबाइलवर युनिटी स्वतःहून सेकंदाला ३० फ्रेमच (चित्रं) देतं, तुम्ही टार्गेट फ्रेम रेट सांगितला नसेल तर, आणि मी सांगितला नव्हता. १०८ किमी प्रतितास म्हणजे सेकंदाला बरोबर ३० मीटर, म्हणजे फ्रेमला बरोबर १ मीटर. लालच्या जागी पुढचा लाल. कर्ब ठार उभी. ११० ला ती २ किमीच्या वेगानं मागं जाते, म्हणजे गाडी चालत्या माणसापेक्षा हळू. पोरगं खरं बोलत होतं. लॅपटॉपवर ६० फ्रेम, तिथं हाच खेळ २१६ ला होतो, आणि मी २०० ला असलो की २१६ मधून १६ कमी, म्हणून कर्ब १६ किमीच्या वेगानं उलटी जाताना दिसते. मी टॉप स्पीड वाढवत होतो तेव्हा एखाद्या दिवशी भारी वाटायचं आणि एखाद्या दिवशी लूना, ते का ते पण कळलं, मी २१६ च्या अलीकडं-पलीकडं नाचत होतो.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, एका फ्रेममध्ये गाडी नक्षीच्या निम्म्या मापापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. माझ्या जुन्या कर्बसाठी ३० फ्रेमवर ही मर्यादा ५४ लाच संपत होती. मी पट्टे २ मीटर लाल आणि २ मीटर पांढरे केले, नक्षी ४ मीटरची झाली, आता ३० फ्रेमवर सुद्धा २१६ पर्यंत उलटं दिसत नाही. फोनचा टार्गेट फ्रेम रेट ६० केला, मग तर प्रश्नच नाही. आणि कठड्याचे खांब, झुडपं, दगड हे सगळं थोडं पुढं-मागं विस्कटून टाकलं, एकसारखं अंतर ठेवलं नाही. इथं पण मी चूक केली, सगळंच विस्कटलं, मग ताल गेला आणि परत मजा गेली. खांब दर २५ मीटरला नेमके ठेवा, २०० ला सेकंदाला दोनच्या जरा वर खांब जातात आणि तो ठेका पाहिजे असतो, बाकी बारीकसारीक विस्कटा. फोन गरम होऊन फ्रेम ४० वर घसरली की हा सगळा हिशोब सरकतो, म्हणून लहान नक्षी ठेवूच नका.

मोशन ब्लर ह्यावर औषध आहे, फ्रेमच्या अर्ध्या वेळेपुरतं चित्र ओढून दिलं तर लाल-पांढरं मिसळतं आणि उभं राहिल्यासारखं कमी दिसतं. पण स्वस्त फोनवर ते परवडत नाही, आणि रिकाम्या रस्त्यावर ब्लर म्हणजे रिकाम्या ताटावर कोथिंबीर. ज्यांनी मला आधी "ब्लर टाक की" सांगितलं त्यांचे दोन आठवडे मला परत पाहिजेत. टाकायचाच तर सगळ्यात शेवटी, कडेला जास्त, मधोमध शून्य, आणि स्वतःच्या गाडीवर अजिबात नको.

अजून एक, हा ज्याला होतो त्याला कळत नाही की हा स्पीडचा प्रॉब्लेम आहे. गाडी जोरात गेली की चित्र कापतंय, थरथरतंय, अडखळतंय. युनिटीत फिजिक्स डीफॉल्टला सेकंदाला ५० वेळा चालतं आणि चित्र ६० वेळा काढलं जातं. म्हणजे दर सहाव्या फ्रेमला गाडी जागची हलत नाही आणि बाकीच्या फ्रेममध्ये १.११ मीटर उडी मारते, २०० ला. २० च्या स्पीडला हे दिसत नाही म्हणून माणूस म्हणतो स्पीड वाढला की लॅग येतोय. लॅग नाही तो. गाडीच्या रिजिडबॉडीवर (फिजिक्स चालवणारा भाग) इंटरपोलेट चालू करा, म्हणजे मधल्या जागा भरल्या जातात, आणि कॅमेरा लेट अपडेटमध्ये, म्हणजे बाकी सगळं हलून झाल्यावर, हलवा. बास, दोन मिनिटांचं काम आहे.

कॅमेरा गाडीला घट्ट बांधलेला असेल तर अॅक्सिलरेटर दाबल्यावर काहीच होत नाही, गाडी स्क्रीनवर पुतळ्यासारखी. म्हणून सगळे लर्प लावतात, म्हणजे उरलेल्या अंतराचा थोडा थोडा भाग सरकवायचा, कॅमेरा जरा मागं राहतो, मग येतो. चांगलं आहे, पण एक हिशोब कोणी करत नाही, लर्पचा आकडा ५ असेल तर कॅमेरा वेग भागिले ५ इतका मागं राहतो, २०० ला ११ मीटर. गाडी माचिसच्या डबीएवढी होते, लांब गेली म्हणून हळू वाटते, आणि तुम्ही परत टॉप स्पीड वाढवता. मागं राहण्याला मर्यादा घाला, मी दीड मीटर घातली, आणि ती वेगावर नाही तर वेग किती वाढतोय त्यावर बांधली, म्हणजे गिअर टाकल्यावर झटका बसतो आणि नंतर कॅमेरा परत जागेवर येतो.

एफओव्ही म्हणजे कॅमेऱ्याला किती अंशांचं दृश्य दिसतं ते, त्याबद्दल सगळेच सांगतात, वाढवा म्हणून. वाढवा पण समजून. युनिटीचा ६० हा उभा एफओव्ही आहे, १६ बाय ९ च्या स्क्रीनवर तो आडवा साधारण ९१ होतो, त्यामुळं दुसऱ्या कुठल्या इंजिनमधला ९० चा आकडा बघून इथं ९० टाकला तर माशाच्या डोळ्यातून बघितल्यासारखं होतं. स्पीडबरोबर ६० वरून ७५ पर्यंत न्या, हळूहळू, एक-दीड सेकंद घेऊन. त्यात गाडी स्क्रीनवर लहान होते, म्हणून कॅमेरा ६ मीटरवरून साडेचार मीटरवर आणा, गाडी तेवढीच राहते आणि आजूबाजूचं जग ताणलं जातं. ह्या एका जोडीनं जो फरक पडतो तो नुसता एफओव्ही वाढवून पडत नाही.

सिम रेसिंगवाले, म्हणजे हुबेहूब खऱ्यासारखी गाडी चालवायचे गेम खेळणारे, ह्याच्या बरोबर उलट सांगतील. २४ इंची मॉनिटरची रुंदी ५३ सेंटीमीटर, तुम्ही ६० सेंटीमीटरवर बसलात तर तो स्क्रीन तुमच्या नजरेचे फक्त ४८ अंश झाकतो, म्हणून ते एफओव्ही तेवढाच ठेवतात, अंतराचा अंदाज आणि ब्रेकिंग बरोबर येतं. त्यांचं चूक नाही, पण त्यात स्पीड कमी वाटतो हे तेही मान्य करतात. ज्याला मिसळ हवी त्यानं दह्याचा विचार करू नये, तुमचा गेम कुठला आहे ते ठरवा.

आवाज. मी पहिल्यांदा एकच इंजिनचा आवाज घेतला होता आणि पिच (आवाजाची पट्टी) ० ते २०० पर्यंत सरळ चढवत नेला, मिक्सरमध्ये चटणी वाटल्यासारखं व्हायचं आणि १५० च्या पुढं फरकच कळायचा नाही. आवाज वेगावर नाही, आरपीएमवर बांधा. गिअर पडला की आरपीएम खाली येतो, आवाज खाली येऊन परत चढतो, आणि त्या चढण्यात माणसाला जोर वाटतो. चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला २०० ठोके देतं, एक सिलिंडरची बाइक त्याच आरपीएमला ५०, हे माप धरून आवाज निवडला की खोटा वाटत नाही. आणि इंजिनपेक्षा वारा जास्त काम करतो. ८० पर्यंत वारा जवळजवळ नाही, मग वेगाच्या वर्गानं वाढवा, टॉपला इंजिन थोडं वाऱ्यात बुडू दे. खांब आणि कठडे जाताना प्रत्येकाचा छोटा फूं-फूं, हा जमला की डोळे मिटून सुद्धा स्पीड कळतो. भावाला डोळे मिटून ऐकवलं तर म्हणाला, "आत्ता कुठं जाळ आला."

ह्या सगळ्यानंतर सुद्धा एक तक्रार राहते आणि ती सेटिंगनं जात नाही, पहिली दोन मिनिटं भारी वाटतं, मग सरळ रस्त्यावर सगळं मेल्यासारखं. ते तुमच्या डोळ्याचं आहे. पुण्याहून हायवेनं तासन्‌तास १०० नं या आणि कोल्हापूरला तावडे हॉटेलपाशी शहरात वळा, ४० ला असं वाटतं की उतरून चालत जावं. डोळा एका वेगाला सरावतो. ब्रिटनमध्ये ह्यावर उपाय म्हणून हायवेवरून गोल चौकाकडं येताना रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे मारतात आणि चौकाकडं येता येता त्यांच्यातलं अंतर कमी करत नेतात, म्हणजे ड्रायव्हरला वाटतं आपण फारच जोरात आलोय आणि तो पाय काढतो. मी हीच युक्ती उलटी वापरली, लांब सरळ रस्त्यावर जिथं मजा मरते तिथं खांबांमधलं अंतर २५ वरून १० पर्यंत कमी करत आणलं, गाडीचा वेग तोच. आणि त्याच्या आधी एक घट्ट वळण टाकलं, जिथं ५० वर यावंच लागतं, म्हणजे बाहेर पडताना परत १५० नवीन वाटतो. सलग टॉप स्पीड कुणालाच दोन मिनिटांच्या वर देऊ नका.

आता आकडे सांगतो. ३२० चा बिल्ड टाकून दिला, टॉप स्पीड १६० आहे. रस्ता ९ मीटर, कॅमेरा १.४, सगळ्यात जवळची वस्तू रस्त्याच्या कडेपासून अर्ध्या मीटरवर. वर्कशॉपमध्ये आवाज बंद करून व्हिडिओ दाखवला तर उत्तरं १८० ते २२०. फोरमन काका म्हणाले, "हे कुणीतरी आपटणार." भावाच्या फोनवर टाकला, चौथ्या वळणाला उसात गेला, परत सुरू केला, परत उसात गेला, आणि म्हणाला, "दादा, टॉप स्पीड जरा कमी कर की."